निखळलेला खांदा, गळ्यातला हात आणि कुंभाराचं गाढव

'कारण' या कल्पनेचा इतिहास आपण या मालिकेत पाहतो आहोत, आणि आज त्यासाठी आम्ही खांदा निवडला आहे. काहींना हे विचित्र वाटेल. पण आधी प्रश्न ऐका.

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कबड्डीत पकड करायला जातो, हात बाहेर आणि मागे ओढला जातो, आणि खांदा निखळतो. आयुष्यात पहिल्यांदा. दवाखान्यात खांदा बसवतात, एक्स-रे काढतात, हात गळ्यात बांधतात आणि सांगतात, तीन आठवडे काढायचा नाही. आई विचारते, "डॉक्टर, पुन्हा तर नाही ना निखळणार?" या वयाच्या मुलाबद्दल प्रामाणिक उत्तर असं आहे की निखळण्याची शक्यता मोठी आहे. मग पुढचा प्रश्न आईनं विचारला नाही तरी आपण विचारायला हवा: तीन आठवडे हात बांधायचा तो कशासाठी? बांधण्याचा आणि पुन्हा न निखळण्याचा संबंध काय?

आम्ही वैद्य नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. तेव्हा कोणाच्या खांद्याला कोणता उपचार करावा हे आमच्याकडून ऐकू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण हात बांधला आणि खांदा टिकला, म्हणून बांधल्यामुळे टिकला, असं म्हणायचा अधिकार केव्हा मिळतो, हा आमच्या शास्त्राचा प्रश्न आहे. त्याचा इतिहास फार जुना आहे.

थोडी रचना समजून घेऊ. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं मोसंबं. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि पाठीच्या फऱ्याच्या हाडाला असलेली खोबण लहान नि उथळ. म्हणूनच हात एवढा चहूबाजूंनी फिरतो, आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये हा सगळ्यांत जास्त निखळतो. बशीच्या कडेला कूर्चेसारख्या चिवट ऊतीची एक कड असते, कुकरच्या झाकणाच्या रिंगसारखी. ती बशी थोडी खोल करते. त्या कडेला सांध्याची पिशवी आणि पुढचे बंध चिकटलेले असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता इसवीसनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातल्या ग्रीसमध्ये जाऊ. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत 'सांध्यांविषयी' नावाचा एक ग्रंथ आहे. त्याची सुरुवातच खांद्यापासून होते. का, ते वाचताना कळतं. त्या समाजात तरुणांचा दिवस व्यायामशाळेत जायचा. कुस्ती, भालाफेक, आणि गरज पडली की युद्ध. लेखक सांगतो की ज्यांचा खांदा वारंवार निखळतो अशा कितीतरी जणांना स्पर्धा सोडाव्या लागल्या, आणि त्याच दुखण्यामुळे लढाईत हात चालेना म्हणून कित्येक मेले. म्हणजे 'पुन्हा निखळेल का' हा प्रश्न त्या तरुणांना जिवावरचा होता.

खांदा बसवण्याच्या त्यानं सांगितलेल्या पद्धतींची यादी वाचण्यासारखी आहे. रुग्णाला जमिनीवर झोपवून त्याच्या काखेत टाच रोवायची आणि हात ओढायचा. उंच माणसानं आपला खांदा रुग्णाच्या काखेत घालून त्याला उचलायचं. शिडीच्या पायरीवर काख टेकवायची. खुर्चीची पाठ वापरायची. आणि मुसळ! मुसळाला मऊ कापड गुंडाळून ते काखेत घालायचं, एका बाजूनं हात खाली ओढायचा आणि दुसऱ्या बाजूनं शरीर. मुसळ घराघरात असायचं, हाताशी होतं, पुरेसं जाड होतं. आपल्याकडे आल्यावर ते परत भेटणार आहे.

पण आम्हाला त्या ग्रंथातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते एक निरीक्षण. लेखक म्हणतो की खांदा बसवल्यावर काहींच्या सांध्याभोवती सूज-दाह होत नाही. त्यांना लगेच हात वापरता येतो, दुखत नाही, आणि आता काही जपायला नको असं त्यांना वाटतं. वैद्यानं अशांना आधीच सांगून ठेवावं की तुमचाच खांदा पुन्हा निखळण्याचा संभव जास्त आहे. ज्यांच्या स्नायुबंधांशी दाह झाला, ज्यांना त्रास झाला, त्यांचा कमी. किती नेमकं पाहिलंय बघा. ज्याला लवकर बरं वाटतं तो खरा बरा झालेला नसतो. आज आपण म्हणू की व्रण धरणं, आतली ऊती घट्ट होणं, यासाठी थोडा दाह लागतो. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं फक्त माणसं लक्षात ठेवली, एकदा बसवून सोडून न देता पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं.

आणि त्यावरचा त्याचा उपाय? डागण्या. काखेतली कातडी चिमटीत धरून बारीक, तापवून लाल केलेल्या सळया आरपार घालायच्या. इतर वैद्य खांद्याच्या वर, पुढे, मागे डागतात त्यांच्यावर तो चिडलेला आहे. हाड ज्या दिशेनं निसटतं तिथे डागायचं सोडून भलतीकडे काय डागता, असा त्याचा मुद्दा. डागल्यावर हात अंगाशी रात्रंदिवस बांधून ठेवायचा, म्हणजे व्रण आकसेल आणि हाडाला निसटायची जागा राहणार नाही. उपाय अघोरी आहे, पण विचार स्वच्छ आहे: हाड पळतं ती वाट बुजवा. इथे बांधणं हे एका ठरलेल्या कारणाच्या मदतीला आहे. व्रण आकसण्यासाठी बांधा. नुसतं बांधा असं तो म्हणत नाही.

आता सुश्रुत. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात संधिमुक्ताचे, म्हणजे सांधा सुटण्याचे, सहा प्रकार सांगितले आहेत आणि चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात उपचार. तत्त्वं थोडक्यात अशी: ओढा, दाबा, जागी आणा, बांधा. अंससंधी निखळला तर काख मुसळानं वर उचलायची, आणि हाड जागेवर बसलं की स्वस्तिकबंधानं बांधायचं. तेच मुसळ. ग्रीकांनी आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून, असा वाद घालणारे लोक असतात. आमच्या मते जिथे धान्य कांडतात आणि जिथे खांदे निखळतात, तिथे हे कोणालाही सुचेल.

सुश्रुतानं बंधाबद्दल जेवढा बारीक विचार केला आहे तेवढा त्या काळी क्वचितच कोणी केला असेल. सैल बांधलं तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळलं तर सूज, वेदना आणि पाक होतो, म्हणून मध्यम बांधावं. थंडीत सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावं, समशीतोष्ण काळात पाच, उन्हाळ्यात तीन. आणि मग वयाचा हिशेब: पहिल्या वयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट.

इथे जरा थांबू या, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. तरुणाचं लवकर भरून येतं, हे कोण नाकारेल? हाड मोडलं तर ते खरंच आहे. पोराचा हात महिन्यात जुळतो, आजोबांचा तीन-तीन महिने जुळत नाही. सुश्रुताचा तो अध्याय भग्नाचा आहे, मोडलेलं हाड आणि सुटलेला सांधा दोन्ही त्यात एकत्र येतात, आणि वयाचा नियम दोन्हींना मिळून लागतो. आपणही नकळत तसंच मानतो. "तरणा आहे, होईल बरा." पण पहिल्यांदा निखळलेल्या खांद्याच्या बाबतीत हा नियम बरोबर उलटा निघाला. वय जितकं कमी, तितका तो पुन्हा निखळण्याचा धोका जास्त. हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

मधल्या काळाबद्दल फार बोलत नाही. इजिप्तमध्ये दैर अल-मदिना इथे इपुई नावाच्या कारागिराच्या थडग्यात भिंतीवर कामगारांच्या अपघातांची चित्रं आहेत. त्यातलं एक खांदा बसवण्याचं असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे बसवणं हिपोक्रेटिसच्याही कितीतरी आधीचं. पुढे १८७० मध्ये बर्नच्या थिओडोर कोखर यांनी काखेत टाच किंवा मुसळ न घालता, हात ठरावीक क्रमानं फिरवून खांदा बसवायची पद्धत लिहिली. हे तेच कोखर, ज्यांना १९०९ मध्ये थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. या सगळ्या काळात हुशारी खर्च झाली ती बसवण्यावर. आपल्याकडच्या तालमीतले वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य यांचंही नाव झालं ते बसवण्यावरच. ते स्वाभाविक आहे, कारण बसवण्याचं यश तिथल्या तिथे दिसतं. खट् आवाज होतो, मुलाचा चेहरा उजळतो, लोक वाहवा करतात. टिकवण्याचं यश किंवा अपयश दोन वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा तो मुलगा दुसऱ्या कोणाकडे गेलेला असतो.

आत नेमकं काय बिघडतं हे हळूहळू उलगडलं. जर्मनीत पेर्थेस यांनी १९०६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये दाखवलं की वारंवार निखळणाऱ्या खांद्यात बशीची ती पुढची कड हाडापासून सुटलेली असते. कुकरची रिंग एका बाजूनं निघालेली. बँकार्ट यांनी तीच मूळ विकृती मानली आणि ती कड परत हाडाला शिवायची शस्त्रक्रिया सांगितली. आजही त्या फाटण्याला बँकार्टचंच नाव आहे. १९४० मध्ये हिल आणि सॅक्स यांनी गोळ्याच्या मागच्या बाजूला पडणाऱ्या खोचेचं वर्णन केलं. गोळा बाहेर पडताना बशीच्या धारेवर आपटतो, त्याची ती खूण.

मग आली मोजदाद. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकलॉफ्लिन आणि कॅव्हालारो यांनी पहिल्या निखळण्याच्या १०१ घटनांचा आढावा घेतला. विशीच्या आतल्या रुग्णांत ९० टक्के खांदे पुन्हा निखळले होते, चाळिशीच्या पुढे १० टक्के. १९५६ मध्ये बोस्टनच्या कार्टर रो यांनी ५०० खांद्यांचा आढावा दिला: विशीच्या आत ८३ टक्के, वीस ते चाळीसमध्ये ६३, चाळिशीनंतर १६. पुढच्या अभ्यासांत तरुणांचे आकडे इतके भयंकर आले नाहीत, पण उतरंड तीच राहिली.

असं का व्हावं? तरुणाची ऊती लवचीक असते आणि तरुण पुन्हा मैदानात जातो, ही दोन कारणं नेहमी सांगतात. तिसरं आम्हाला जास्त पटतं. सगळीकडे एकच गोष्ट फाटत नाही. पोरांमध्ये पुढची कड सुटते आणि ती पुष्कळदा जागेवर चिकटत नाही. चाळिशी-पन्नाशीत बरेचदा पिशवी ताणली जाते किंवा गोळ्याला धरून ठेवणारे स्नायुबंध फाटतात. तिथे त्रास असतो तो हात वर न जाण्याचा, खांदा आखडण्याचा. एकच नाव, 'खांदा निखळला', पण आजार दोन. एका शब्दाखाली दोन गोष्टी बसल्या की नियम चुकतात, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात.

तर मग हात बांधण्याचं काय? विसाव्या शतकात तीन आठवडे हा आकडा पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. तर्क सरळ होता: फाटलेलं भरून यायला तीन आठवडे लागतात, तोवर हलवू नका. ज्यांचे खांदे टिकले ते म्हणाले, बांधल्यामुळे टिकले. ज्यांचे टिकले नाहीत त्यांना विचारलं, नीट बांधला होतास ना? मध्येच काढला नव्हतास ना? बिचारा पोरगा आंघोळीला एकदा काढलेला असतोच.

न्यायदर्शनात या जागी एक गाढव उभं आहे. घट तयार झाला. माती त्याचं कारण, कुंभार कारण, चाक कारण, दांडाही कारण. पण माती ज्याच्या पाठीवरून आली ते गाढव? घटाच्या आधी ते हजर होतं, प्रत्येक वेळी असतंही. तरी नैयायिक त्याला कारण म्हणत नाहीत, अन्यथासिद्ध म्हणतात. विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात हे उदाहरण आहे. माती डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. म्हणून 'आधी होतं' एवढ्यावर भागत नाही. व्यतिरेक पाहावा लागतो: ते काढून घेतलं तर कार्य थांबतं का?

गळ्यातला हात हे चाक आहे की गाढव? हे पाहायचं तर काही जणांचे हात बांधायचे आणि काहींचे नाही, आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. स्वीडनमध्ये लेनार्ट होव्हेलियस आणि सहकाऱ्यांनी ते केलं. १९७८ आणि १९७९ या दोन वर्षांत २७ रुग्णालयांतून १२ ते ४० वयाचे, पहिल्यांदाच खांदा निखळलेले रुग्ण त्यांनी घेतले, एकूण २५७ खांदे. काहींचा हात तीन-चार आठवडे अंगाशी बांधला. काहींना सांगितलं, दुखतंय तोवर झोळीत ठेवा, बरं वाटलं की काढा. मग दोन वर्षांनी पाहिलं, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, आणि शेवटी पंचवीस वर्षांनी. बांधण्याच्या पद्धतीनं पुन्हा निखळण्यात फरक पडला नाही. २०१० मधल्या एका एकत्रित आढाव्यातही तिशीच्या आतल्यांत एक आठवडा किंवा कमी बांधलेल्यांपैकी ४१ टक्के आणि तीन आठवडे किंवा जास्त बांधलेल्यांपैकी ३७ टक्के खांदे पुन्हा निखळले. एवढा फरक योगायोगानंही पडतो.

म्हणजे गाढव. पण आमचे जपानी मित्र इतक्यावर थांबले नाहीत. (मित्र म्हणजे वाचून झालेले, भेट नाही.) अकिता विद्यापीठातल्या एइजी इतोई यांनी विचारलं, बांधतो ते ठीक, पण हात कोणत्या स्थितीत बांधतो? झोळीत हात पोटावर, म्हणजे आत वळलेला. त्या स्थितीत पुढची ऊती सैल पडते आणि सुटलेली कड हाडापासून दूर तरंगते. हात बाहेर वळवून बांधला तर पुढची ऊती ताणली जाऊन कड हाडावर दाबली जाते. १९९९ मध्ये त्यांनी हे मृतदेहांच्या खांद्यांवर दाखवलं, २००१ मध्ये एमआरआयवर जिवंत रुग्णांत. आणि २००३ मध्ये ४० रुग्णांचा पहिला निकाल आला: आत वळवून बांधलेल्यांत ३० टक्के पुन्हा निखळले, बाहेर वळवलेल्यांत एकही नाही.

हा निकाल वाचून जगभर काय खळबळ उडाली असेल याची कल्पना करा. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही, नुसती हाताची दिशा बदला! २००७ मध्ये त्यांचाच १९८ रुग्णांचा मोठा अभ्यास आला: ४२ विरुद्ध २६ टक्के. फरक राहिला, पण 'एकही नाही' गेलं. मग २००९ मध्ये इस्रायलमध्ये फाइनस्टोन आणि सहकाऱ्यांनी बहुतेक सैनिक असलेल्या ५१ तरुणांवर तेच केलं. ४२ आणि ३७ टक्के, फरक नाहीसाच. २०११ मध्ये नॉर्वेत लियावॉग यांनी १८८ रुग्णांवर केलं. बाहेर वळवलेल्यांत ३०.८ टक्के आणि साध्या झोळीत २४.७. इथे तर काटा उलट्या बाजूला झुकला, तोही योगायोगाच्या मर्यादेत.

यातून इतोई चुकले असं म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. कड हाडाला टेकते हे त्यांनी पाहिलेलं खरंच आहे. फक्त टेकणं, चिकटणं आणि पुन्हा न निखळणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत काही ना काही गळतं. शिवाय हात बाहेर काढून, वाटाड्यासारखा पुढे धरून, तीन आठवडे बसमध्ये, वर्गात आणि अंथरुणात राहणं म्हणजे काय, हे पोरांना विचारा. कागदावरचा उपचार आणि अंगावरचा उपचार यांत फरक पडतोच.

शस्त्रक्रियेच्या बाजूनं चित्र अधिक ठाशीव आहे. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत आर्सिएरो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ३६ तरुण खेळाडूंचा अभ्यास दिला. नुसतं बांधून व्यायाम दिलेल्यांत ८० टक्क्यांचा खांदा पुन्हा निखळला, पहिल्याच वेळी दुर्बिणीतून कड शिवलेल्यांत १४ टक्क्यांचा. पण ती माणसं कोण होती ते विसरू नका. रोज कवायत, अडथळे, कुस्ती. हिपोक्रेटिसच्या रुग्णांची भावंडंच ती. तो आकडा कॉलेजात संगणकावर बसणाऱ्या मुलीला लावता येत नाही.

आणि हंगाम चालू असताना पट्टा लावून खेळायचं असेल तर? खेळाडूंसाठीचे पट्टे हात वर आणि मागे जाण्याला अटकाव करतात. २०१४ मध्ये डिकेन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४५ कॉलेज खेळाडूंचा माग काढला. तीन-चतुर्थांशाच्या आसपास त्याच हंगामात परत खेळले, कित्येक आठवड्याभरातच. पण पुन्हा न निखळता हंगाम पुरा केला तो फक्त २७ टक्क्यांनी. पट्टा मैदानावर परत नेतो, खांद्याची हमी देत नाही. निवड चाचणी पुढच्या महिन्यात असलेल्या मुलाला आणि त्याच्या प्रशिक्षकाला हे दोन आकडे एकत्र सांगायला हवेत. बहुधा पहिलाच सांगितला जातो.

मग झोळी फेकून द्यायची का? नाही. गाढव कारण नसलं तरी ओझं वाहतंच. पहिल्या काही दिवसांत खांदा दुखतो, झोप लागत नाही, गर्दीत कोणाचा धक्का लागेल याची धास्ती असते. त्या सगळ्याला झोळी उत्तम. वेदना थांबवण्याच्या बाबतीत ती चाक आहे, पुन्हा निखळणं थांबवण्याच्या बाबतीत गाढव. एकच वस्तू एका कार्याचं कारण आणि दुसऱ्याचं अन्यथासिद्ध असू शकते, आणि 'बरं होणं' हा शब्द दोन्ही कार्यांना सर्रास वापरल्यामुळे आपली गफलत होते. झोळी निघाल्यावर हात हळूहळू हलवणं, मग फऱ्याभोवतीच्या आणि गोळ्याला धरणाऱ्या स्नायूंची ताकद परत आणणं, आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात परतायला काही महिने देणं, हा आजचा सर्वसाधारण क्रम आहे.

होव्हेलियस यांच्या पंचवीस वर्षांकडे परत येऊ, कारण आईच्या प्रश्नाचं उत्तर तिथे जास्त आहे. सुरुवातीला बारा वर्षांचा असलेला मुलगा शेवटच्या तपासणीला सदतिशीचा झाला होता. २२९ खांद्यांपैकी ४३ टक्के कधीच पुन्हा निखळले नाहीत. २७ टक्क्यांवर पुढे शस्त्रक्रिया झाली. आणि एक गट असा निघाला की ज्याची मॅकलॉफ्लिन किंवा रो यांच्या आकड्यांत नोंदच होऊ शकत नव्हती: वारंवार निखळणारे, पण काळ गेला तसे आपोआप स्थिरावलेले, सुमारे १४ टक्के. दोन वर्षांनी वही मिटली असती तर ते सगळे अपयशाच्या रकान्यात राहिले असते. बारा ते पंचवीस वयातल्यांपुरतं पाहिलं तरी शस्त्रक्रियेविना साधारण निम्मे खांदे एक तर पुन्हा निखळले नाहीत किंवा पुढे स्थिर झाले.

म्हणून काही डॉक्टर म्हणतात, प्रत्येक तरुणाला पहिल्याच वेळी शिवायचं तर निम्म्यांना विनाकारण कापू. काही म्हणतात, दर वेळी निखळताना बशीची धार झिजते आणि गोळ्याची खोच खोल होते, मग थांबून काय मिळवता? दोघांकडे आकडे आहेत. ज्याचा खांदा आहे त्याला पुढची दोन वर्षं काय करायचं आहे, हा आकडा मात्र दोघांच्याही वहीत नसतो. तो त्या मुलालाच विचारावा लागतो, आणि शक्यतो आई-वडील खोलीबाहेर असताना.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.